हिमाची वाट पाहणारे डोंगर

२०२५ सालच्या फेब्रुवारीत गुलमर्ग येथे व्हावयाचे हिवाळी क्रीडासामने ऐन वेळी पुढे ढकलावे लागले. कारण एवढेच की, डोंगरावर पुरेसा बर्फ नव्हता. मार्चमध्ये बर्फ आला आणि सामने पार पडले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात तेथील उतार उघडे पडले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी या बातम्या वाचल्या असतील आणि पान उलटले असेल. मीही उलटले. आमचा आणि बर्फावर घसरण्याच्या खेळाचा संबंध तो किती? पावसाळ्यात सिंहगडाच्या पायवाटेवर जे काही घसरलो असेन तेवढाच माझा या विद्येतील अनुभव. परंतु पान उलटल्यावर मनात आले की, त्या गावच्या घोडेवाल्यांचे, ढकलगाड्या ओढणाऱ्यांचे आणि चहावाल्यांचे काय झाले असेल? आभाळाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे मृग कोरडा गेलेल्या गावाला सांगावे लागत नाही. येथे फरक इतकाच की, पिकासाठी नव्हे, खेळासाठी आभाळाकडे पाहावयाचे. आणि तरीही चूल त्याच्यावरच पेटावयाची.

हा प्रश्न नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू इंग्लंड या प्रदेशात जितका स्पष्ट वाचावयास मिळतो तितका अन्यत्र क्वचितच मिळेल. स्वित्झर्लंडची उंच शिखरे आणि तेथील राजेशाही हॉटेले सर्वांना ठाऊक आहेत. मला आज बोलावयाचे आहे ते ठेंगण्या डोंगरांविषयी. व्हर्माँट राज्यातील सर्वांत उंच पर्वत मॅन्सफील्ड. त्याची उंची ४,३९३ फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हा पर्वत सुमारे हजार फुटांनी ठेंगणाच. अशा डोंगरांच्या अंगाखांद्यावर, बोस्टन व न्यूयॉर्क या शहरांतील माणसांच्या शनिवार-रविवारवर, एक व्यवसाय उभा राहिला, वाढला आणि पुष्कळ ठिकाणी मोडलाही. त्याची ही हकीकत आहे.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपण मराठीत आभाळातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि सरबतात घालतो त्यालाही बर्फच म्हणतो. ज्या देशात दोहोंपैकी एकच वस्तू, तीही कारखान्यातली, पाहावयास मिळते तेथे हे स्वाभाविकच आहे. परंतु या खेळात सारा भेद त्यातच आहे. आभाळातून पडते ते पिसासारखे, स्फटिकांचे, मऊ. त्याला मी यापुढे हिम म्हणेन. पाणी गोठून होते तो कठीण, चकचकीत बर्फ. हिमावर माणूस खेळतो, बर्फावर हाडे मोडून घेतो. न्यू इंग्लंडचे दुर्दैव असे की, तेथे एकाचे दुसरे व्हावयास एक रात्र पुरते. कॅनडाकडून येणारी कोरडी थंड हवा आणि अटलांटिकवरून येणारी ओलसर उबदार हवा यांची झुंज या प्रदेशावर चालू असते. वादळ किनाऱ्याच्या थोडे पूर्वेकडून गेले तर दोन-दोन फूट हिम पडते. तेच थोडे पश्चिमेकडून गेले की पाऊस पडतो, हिम भिजते आणि पहाटे थंडी पडताच डोंगरावर काचेसारखा थर बसतो. जानेवारीच्या मध्यावर काही दिवस ऊब येऊन सारे वितळू लागणे ही तर तिकडची जुनी, नाव मिळालेली गोष्ट आहे. अवेळी हवापालट ही त्या लोकांना आज भेटलेली नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे आज काय बदलले आहे ते नेमके कळेल.

१९३१ च्या जानेवारीत 'बोस्टन अँड मेन' या रेल्वे कंपनीने बोस्टनहून न्यू हॅम्पशरमधील वॉर्नर या गावी पहिली 'हिमगाडी' सोडली. मंदीचे दिवस होते, गाड्या रिकाम्या धावत होत्या. रविवारी पहाटे खांद्यावर लाकडी पट्ट्या घेतलेल्या तरुण-तरुणींना डोंगरापाशी नेऊन सोडावयाचे आणि संध्याकाळी परत आणावयाचे, अशी ही योजना. तिच्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला अशी वाटते की, त्या सुरुवातीच्या गाड्यांचे मुक्कामाचे ठिकाण हिम पाहून ठरत असे. आठवड्याच्या अखेरीस कोठे किती हिम आहे याची खबर घ्यावयाची आणि गाडी तिकडे न्यावयाची. हिम जेथे आहे तेथे माणसाने जावे, हा तेव्हाचा न्याय होता. एखाद्या गावी हिम पडले नाही तर त्या गावचे फार बिघडत नसे. कारण त्या गावाने हिमावर काही मांडलेलेच नव्हते. गायी होत्या, दूध होते, मेपल झाडाच्या रसाचा पाक होता. पाहुणे आले तर आनंद, न आले तर दुःख नाही.

हा न्याय बदलला तो एका दोरामुळे. व्हर्माँटमधील वुडस्टॉक या गावी एक खाणावळवजा निवास चालविणारे रॉइस नावाचे जोडपे होते. न्यूयॉर्कहून आलेल्या त्यांच्या पाहुण्यांचे म्हणणे असे की, दिवसभर डोंगर चढावयाचा आणि जेमतेम काही वेळा खाली यावयाचे, यात शक्ती व सुट्टी दोन्ही वाया जातात. तेव्हा १९३४ च्या जानेवारीत क्लिंटन गिल्बर्ट यांच्या शेताच्या उतारावर एक लांबलचक दोर बसविण्यात आला, त्याची दोन टोके एकत्र जोडण्यात आली आणि फोर्डच्या जुन्या 'मॉडेल टी' मोटारीच्या यंत्रावर तो रहाटगाडग्यासारखा फिरू लागला. दोर हातात धरावयाचा आणि तो आपल्याला वर ओढून नेईल! अमेरिकेतील हा असा पहिला दोर. हातमोजे फाटत, कोट पिळवटत, ओल्या दिवशी दोर भिजून इतका जड होई की लहान मुलांना तो उचलवत नसे. तरीही लोकांची रीघ लागली. एका दिवसात पूर्वी जेमतेम चार-पाच वेळा खाली येणारा माणूस आता पंचवीस-तीस वेळा येऊ लागला.

या दोराचे महत्त्व सर्वच इतिहासकार सांगतात, परंतु मला त्यांनी सांगितलेल्या कारणापेक्षा दुसरेच कारण मोठे वाटते. दोर लावला आणि खेळ एका जागी बांधला गेला. आगगाडी हिमामागे जाऊ शकत होती. खांबांना बांधलेला दोर कोठे जाणार? आता हिमानेच दोरापाशी आले पाहिजे, अशी अट उत्पन्न झाली. शेतकऱ्याने कर्ज काढून यंत्र घेतले की त्या दिवसापासून तो आभाळाचा कूळ झाला. पुढे जे जे घडले त्याचे बीज गिल्बर्ट यांच्या शेतावरील त्या फिरत्या दोरात आहे.

यानंतरची पंधरा वर्षे उत्साहाची होत. मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने जी वनसेना उभारली, तिच्याकडून व्हर्माँटचे वनाधिकारी पेरी मेरिल यांनी १९३३ पासून मॅन्सफील्ड पर्वतावर जंगल तोडून घसरणीच्या वाटा काढून घेतल्या. १९४० मध्ये त्याच पर्वतावर एकेका माणसास बसवून नेणाऱ्या खुर्च्यांचा पाळणा सुरू झाला. महायुद्धात हिमावरील लढाईचे शिक्षण घेतलेल्या पहाडी पलटणीतील सैनिक परतले आणि त्यांतील कित्येकांनी याच धंद्यात आपले नशीब अजमावले. गावोगाव दोर लागले. कोणी शाळेमागे लावला, कोणी गोठ्यामागे. न्यू इंग्लंडमध्ये चालू होऊन पुढे बंद पडलेल्या अशा लहानमोठ्या स्थळांची हौशी संशोधकांनी यादी केली आहे. ती सहाशेच्या वर जाते. सहाशे! काहींचा आता एखादा गंजका खांब तेवढा झाडीत सापडतो. आपल्याकडे ओसाड गढ्यांच्या नोंदी करीत हिंडणारी वेडी माणसे असतात, तशीच ही.

आता १९४९-५० चा हिवाळा. हिम जवळजवळ आलेच नाही. कनेक्टिकट राज्यात मोहॉक नावाचा एक लहानसा डोंगर आहे. तेथे वॉल्टर शॉनक्नेक्ट या गृहस्थाने १९४७ मध्ये घसरणीचे स्थळ काढले होते. हा मनुष्य मोठा खटपट्या. डोंगर उघडा पडलेला पाहून त्याने बर्फाच्या कारखान्यातून शेकडो टन लाद्या मालमोटारींनी आणविल्या, त्या यंत्रात भरडल्या आणि तो चुरा उतारावर पसरला. त्यावर लोक खेळलेही. परंतु लादीचा बर्फ डोंगरावर किती आणि कितीदा आणावयाचा? खर्च भागेना.

त्याच राज्यात मिलफर्ड गावी हंट, पिअर्स आणि रिची या तिघा अभियंत्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या तयार करण्याचा एक लहान कारखाना काढला होता. आपल्या तिघांच्या नावांतील एकेक अक्षर घेऊन त्यांनी कारखान्याचे नाव 'टे' असे ठेवले होते. हिम नाही म्हटल्यावर पट्ट्या घेतो कोण? धंदा बसण्याची वेळ आली. तेव्हा १९५० च्या मार्च महिन्यात पिअर्स यांनी सहकाऱ्यांना सुचविले की, आपण हिमच का करू नये? रंगाचा फवारा मारण्यासाठी असतो तसला हवा दाबणारा पंप, फवाऱ्याची तोटी आणि बागेला पाणी घालण्याची नळी, एवढ्या सामग्रीवर त्यांनी थंडीच्या रात्री पाण्याचा सूक्ष्म फवारा हवेत उडविला. खाली पडले ते हिम. पट्ट्या विकल्या जाव्यात म्हणून एका कारखानदाराने ऋतू बनविला, असे याचे वर्णन केले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही. पुढे मोहॉकच्या उतारावर त्या यंत्राचा प्रयोग झाला, १९५४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि न्यूयॉर्कच्या जवळच्या ग्रॉसिंगर्स या मोठ्या हॉटेलाने १९५२ पासून कृत्रिम हिमाचा नियमित उपयोग सुरू केला.

या यंत्रात जादू नाही. आपल्या घरातल्या माठाचेच तत्त्व आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार होते. फवाऱ्यातील थेंबाचेही तसेच. दाबलेली हवा मोकळी होताना थंड पडते, थेंबाचा काही अंश उडून जातो, उरलेला थेंब जमिनीवर पडेपर्यंत गोठतो. परंतु ज्या दिवशी हवा दमट असते त्या दिवशी माठातले पाणी गार होत नाही, हे आपण पावसाळ्यात पाहतोच. त्याचप्रमाणे हवा दमट असेल तर हे यंत्रही हात टेकते. साधारणतः हवा कोरडी असेल तर शून्याच्या आसपासही काम चालते. दमट असेल तर शून्याखाली तीन-चार अंश गेल्याशिवाय चालत नाही. म्हणजे यंत्राने माणसाला हिमाच्या गुलामगिरीतून सोडविले आणि थंडीच्या गुलामगिरीत टाकले. हिमाचे आवर्षण एक वेळ सोसेल, थंडीचे सोसणार नाही, अशी नवी अट आली. १९५० साली कोणालाही ही अट अवघड वाटली नाही. व्हर्माँटात डिसेंबरात थंडी पडणार नाही, ही कल्पनाच तेव्हा हास्यास्पद होती.

त्यात तयार होणारे हिमही आभाळातल्या हिमासारखे नसते. ते स्फटिकांचे नव्हे, बारीक गोठलेल्या थेंबांचे असते. म्हणून जड, दाट आणि टिकाऊ. जाणकार त्याला नाके मुरडतात. परंतु एप्रिलपर्यंत उतारावर टिकते ते तेच. १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे हिवाळी ऑलिंपिक सामने झाले तेव्हाही हिमाचा दुष्काळ होता आणि ऑलिंपिकमध्ये कृत्रिम हिम प्रथम वापरले गेले ते तेथेच. २०२२ मध्ये बीजिंगला तर जवळजवळ सर्वच हिम यंत्राचे होते.

यंत्राचा परिणाम काय झाला? साधे उत्तर असे की, धंदा वाचला. ते खरे आहे, परंतु अर्धे खरे आहे. एका एकरावर एक फूट जाडीचे हिम करावयाचे तर सुमारे सहा ते साडेसात लाख लिटर पाणी लागते. शिवाय ते पाणी डोंगरावर चढविणारे पंप, हवा दाबणारी यंत्रे, मैलोगणती नळ आणि रात्रभर जागणारी माणसे. हा खर्च ज्याला झेपला तो मोठा झाला. १९५८ च्या डिसेंबरात उघडलेले किलिंग्टन हे स्थळ पुढे ऑक्टोबरात सुरू होऊन मे-जूनपर्यंत चालण्यासाठी प्रसिद्ध झाले. ज्याला तो झेपला नाही त्याच्या गोठ्यामागच्या उताराकडे कोणी पाहीना. शहरातील माणसाला आता खात्री हवी होती. सुट्टी आधी ठरवावयाची आणि हिम असलेच पाहिजे. एकदा ही सवय लागल्यावर, हिम पडल्यावर दोर चालू करू, असे सांगणारा शेतकरी जुनाट ठरला.

आणि मोठ्यांचेही सारे सुखाचे नव्हते. यंत्रे घेतली, मग ती फेडण्यासाठी जास्त पाहुणे हवेत. जास्त पाहुण्यांसाठी मोठे पाळणे व वाहनतळ हवेत. ते फेडण्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी घरे बांधून विकावयाची. दक्षिण व्हर्माँटात अशी घरे इतक्या झपाट्याने उठू लागली की सांडपाण्याचा व रस्त्यांचा बोजवारा उडाला आणि १९७० मध्ये गव्हर्नर डीन डेव्हिस यांच्या कारकिर्दीत त्या राज्याने जमिनीच्या वापरावर नियंत्रण आणणारा, 'अ‍ॅक्ट २५०' या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. पाण्याचाही प्रश्न निघाला. हिमासाठी पाणी उपसावयाचे ते ऐन हिवाळ्यात, म्हणजे पहाडी ओढे सर्वांत रोडावलेले असतात तेव्हा. आणि त्याच वेळी ट्राउट माशांची अंडी ओढ्यांच्या तळाशी वाळूत असतात. ओढ्यात किती पाणी राहिलेच पाहिजे हे ठरविणारे नियम व्हर्माँटने १९९६ मध्ये केले. फेब्रुवारी महिन्यातील सर्वसाधारण प्रवाह हे त्याचे माप. मग उपसा ओढ्यातून न करता मोठाली तळी खणून पावसाळी पाणी साठविण्याकडे कंपन्या वळल्या. उसाच्या पाण्यावरून आपल्याकडे जी भांडणे होतात ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या भांडणाचा सूर परका वाटणार नाही.

लहान स्थळे का मेली, या प्रश्नाला हल्ली एकच उत्तर देण्याची रीत पडली आहे: हवामान बदलले म्हणून. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. सहाशेंतील बहुतेक स्थळे १९६० ते १९९० या काळात बंद पडली. त्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. १९६० च्या सुमारास रुंद राजमार्ग झाले आणि बोस्टनचा माणूस जवळचा लहान डोंगर ओलांडून दूरच्या मोठ्या डोंगरावर जाऊ लागला. १९७३-७४ च्या हिवाळ्यात तेलाची टंचाई आली, रविवारी पेट्रोल मिळेना, आणि नेमके त्याच वर्षी हिमही अपुरे पडले. १९७७ मध्ये व्हर्माँटच्या एका न्यायालयात, नवशिक्यांच्या वाटेवर झुडपात पट्टी अडकून कायमचा पंगू झालेल्या एका तरुणाला स्ट्रॅटन येथील कंपनीने १५ लाख डॉलर भरपाई द्यावी असा निकाल लागला. त्या तरुणाच्या दुःखापुढे ही रक्कम मोठी नव्हती. परंतु विम्याचे हप्ते सर्वत्र भडकले आणि ज्यांची वर्षाची मिळकत दोन-चार हजार डॉलर ते एका रात्रीत धंद्याबाहेर गेले. मग १९७९-८० चा हिवाळा कोरडा गेला. आजारी माणूस थंडीतापाने गेला असे म्हणतात, परंतु तो आधीच खंगलेला असतो, तसेच हे. हिमाने शेवटचा धक्का दिला, हे खरे. भिंत पोखरली होती ती कर्जाने, विम्याने व रस्त्यांनी.

तरीही आज बदललेले काय, हेही सांगितलेच पाहिजे. मॅन्सफील्ड पर्वताच्या माथ्याजवळ हिम मोजण्यासाठी एक खांब रोवलेला आहे. तेथे १९५४ पासून दूरदर्शनच्या मनोऱ्यावरील कर्मचाऱ्यांनी हिमाची खोली नोंदविण्याचा क्रम ठेवला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा रोजच्या, निरुपयोगी वाटणाऱ्या नोंदीइतकी प्रिय वस्तू दुसरी नाही. दप्तरखान्यातील एखाद्या कुलकर्ण्याच्या वहीसारखीच ती. या नोंदी पाहणाऱ्याला पहिली गोष्ट दिसते ती ही की, एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाला मेळ नाही. एके साली खांब बुडत आला, दुसऱ्या साली निम्मासुद्धा झाकला नाही. उंच माथ्यांवर हिम आजही भरपूर पडते. परंतु पायथे निराळे झाले. न्यू इंग्लंडमध्ये सर्व ऋतूंपेक्षा हिवाळा अधिक वेगाने उबदार होत आहे, आणि त्यातही रात्री. ज्या रात्री यंत्रे चालवावयाची त्याच रात्री उबदार झाल्या! २०१५ चा डिसेंबर ईशान्य अमेरिकेत इतका उबदार गेला की नाताळात हिरवळ दिसत होती. २०२३-२४ चा हिवाळा तर अमेरिकेच्या मुख्य भूभागावर १८९५ पासूनच्या नोंदींत सर्वांत उबदार ठरला. नाताळ ते नववर्ष हा आठवडा म्हणजे या धंद्याची दिवाळी. तो हुकला तर फेब्रुवारीत पडलेले दोन फूट हिम दुकानदाराच्या फारसे कामी येत नाही.

या साऱ्या पडझडीत तीन लहान डोंगर मला विशेष लक्षात ठेवण्यासारखे वाटतात.

पहिला रिचमंड गावचा. १९६१ मध्ये मिकी व जिनी कॉक्रन या पतिपत्नींनी आपल्या चार मुलांना शाळा सुटल्यावर खेळता यावे म्हणून घरामागच्या उतारावर एक दोर लावला. हळूहळू गावातील मुले येऊ लागली. चारही मुले पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात गेली आणि त्यांतील बार्बरा अ‍ॅन हिने १९७२ मध्ये साप्पोरो येथे वळणावळणाच्या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. दुसऱ्या क्रमांकाशी अंतर होते ०.०२ सेकंद. बरोबर ५० वर्षांनी तिचा भाचा रायन कॉक्रन-सीगल याने बीजिंगच्या त्या यंत्रनिर्मित हिमावर रौप्यपदक मिळविले. सुवर्ण हुकले ते ०.०४ सेकंदाने. घरामागचा तो उतार अजून चालू आहे, परंतु धंदा म्हणून नव्हे. १९९८ पासून तो ना-नफा संस्थेच्या ताब्यात आहे.

दुसरा मॅड रिव्हर ग्लेन. रोलंड पामेडो या न्यूयॉर्कच्या पेढीवाल्याने १९४८-४९ च्या हिवाळ्यात तो सुरू केला. मॅन्सफील्डचा पाळणा उभारण्यात त्यांचाच हात होता, पण तेथे गर्दी व घरबांधणी वाढलेली पाहून ते दुसरीकडे गेले. येथे जंगल शक्य तितके न तोडता वाटा काढल्या, यंत्राचे हिम अगदी थोड्या भागापुरते ठेवले. १९९५ मध्ये मालकीणबाईंनी तो डोंगर विकावयाचा ठरविला तेव्हा कोणा मोठ्या कंपनीला न देता त्यांनी तो खेळणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेला दिला. भाग १,५०० डॉलरचा. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या श्रोत्यांना मी सहकाराचे गुणदोष काय सांगावे? परंतु अमेरिकेसारख्या देशात खेळाचा डोंगर भागधारकांनी मिळून विकत घ्यावा, ही गोष्ट ऐकून प्रवरानगरच्या जुन्या सभासदालाही कौतुक वाटेल. एकेका माणसाला नेणारा त्यांचा जुना पाळणा झिजला तेव्हा, चार माणसांचा जलद पाळणा घ्यावा की जुन्याच धर्तीचा पुन्हा बांधावा, यावर चर्चा झाली आणि २००७ मध्ये त्यांनी पुन्हा एका माणसाचाच बांधला. कारण व्यवहारी होते: कमी माणसे वर गेली म्हणजे हिम कमी झिजते. ज्याच्यापाशी हिम करण्याचे यंत्र नाही त्याने पडलेले हिम पुरवून वापरले पाहिजे.

तिसरा अ‍ॅस्कट्नी. याचा इतिहास दुःखाचा आहे. १९४६ च्या सुमारास दोर लागला, मग पाळणे आले, मग यंत्राचे हिम आले, हॉटेल आले, घरे आली. आणि या प्रत्येकाबरोबर कर्ज आले. मालक बदलत गेले, दिवाळी वाजत गेली, पुन्हा नवा मालक आला. आणि २०१० मध्ये ते स्थळ कायमचे बंद पडले. पाळण्यांचे लोखंड विकले गेले. पायथ्याच्या वेस्ट विंडसर या लहानशा गावातील घरांच्या किमती पडल्या, दुकान बंद झाले. गावाने काय करावे? नव्या कंपनीची वाट पाहण्याचा मार्ग होता आणि तो त्यांनी पूर्वी अनेकदा पाहिलेला होता. तेव्हा गावसभेने मत घेऊन, एका जमीन-संरक्षक विश्वस्त संस्थेच्या साहाय्याने, डोंगराची ४६९ एकर जमीन गावाच्याच मालकीची करून घेतली. २०१५ मध्ये स्वयंसेवकांनी तेथे पुन्हा दोर बसविला. ८० वर्षांपूर्वी गिल्बर्ट यांच्या शेतावर होता, जवळजवळ तसाच. २०२० मध्ये त्याच्या जोडीला कमरेखाली दांडी घेऊन वर ओढणारे एक साधे यंत्र आले. कृत्रिम हिम नाही. ज्या शनिवारी हिम असते त्या शनिवारी गावातील माणसे दोर चालू करतात, शाळेची मुले येतात, कोणी गरम सूप आणतो. ज्या शनिवारी नसते त्या शनिवारी दोर बंद राहतो आणि त्याच डोंगराच्या वाटांवर लोक पायी फिरतात. उन्हाळ्यात त्यावरून सायकली जातात.